अप्पर, डिपर आणि अबोला

—नाही, ते वायपर होते. वायपर होते हे मलाही कळलंय, बाबा, काच कोरडी ठणठणीत आहे आणि ते असे घासतायत की जणू मागच्या जन्मीचं काही पुसायचं राहिलंय — थांबा, हा खटका वर की खाली — हं, गेले. आणि हे दिवे. लागले. डाव्या हाताला वायपर, उजव्या हाताला दिवे, हे मला लायसन काढताना शिकवलं होतं, पण शिकवलं दिवसा, आणि दिवसा दिव्यांचा खटका कोण लक्षात ठेवतं? कुणीच नाही. तुम्ही काही बोलू नका. म्हणजे तुम्ही तसंही बोलत नाही आहात, ताईंच्या फाटकापासून तोंडाला जे कुलूप घातलंय ते घातलंय, पण तुमचं न बोलणं मला ऐकू येतं. तुमच्या चिरंजीवांकडून सवय झालीय मला. ते अबोला धरून भांडी घासायला लागले की तळमजल्यावरच्या आजी वर येऊन विचारतात, सगळं ठीक आहे ना.

रागावलात. रागवा. मी पण रागावले असते. लेकीच्या दारात, जावयासमोर, सुनेने सासऱ्याच्या हातातून गाडीची किल्ली घेतली — आणि सासरा कोण, तर ज्याने उभा जन्म लांब पल्ल्याची बस चालवली आणि जो लग्नाच्या बोलण्यांत मुलाच्या पगाराआधी स्वतःचा बिनअपघाताचा बिल्ला दाखवतो, तो. पण हातातून नव्हती हं घेतली. तुम्ही चपला घालायला वाकलात, किल्ली कट्ट्यावर ठेवलीत, मी उचलली. ताई उद्या सगळ्यांना फोन करून सांगतील की हिसकावली. परवापर्यंत मी तुम्हाला ढकललेलं असेल. सांगू देत. ताईंनीच उशीर केला, उजेडात निघायचं असं काल तीनदा ठरलं होतं, आणि आपण उठलो की त्यांना आठवलं, डिकीत कुंड्या भरायच्यात. मातीसकट. आणि ते जुनं शिलाईचं पाय-मशीन, जे आपल्या घरात कुणालाही चालवता येत नाही. तुमची नात शिवेल म्हणे मोठी होऊन. नात सध्या मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलीय आणि तिला बुटाची नाडी बांधता येत नाही.

हो, दिवे आत्ताच लावले. अजून दिसतंय की, असं तुमची भुवई म्हणतेय. मलाही दिसतंय. पण मी समोरच्याला दिसतेय का, हे त्याला विचारायला थांबायचं कुठे? अशा वेळीच घोळ होतो, बाबा, धड दिवस नाही, धड रात्र नाही, गाड्यांचा आणि रस्त्याचा रंग एकच. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. हो, मी वाचलंय ते पुस्तक, पहिल्या पानापासून, गाडी घेतल्यावर येतं ना, ज्याच्यावर तुमचे चिरंजीव चहाचा कप ठेवतात, तेच. मला भीती वाटली की मी वाचते. चिंगीच्या वेळी मी बाळंतपणावर इतकं वाचलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तुम्हीच करा, मी बाजूला बसते. उपयोग काही झाला नाही, आयत्या वेळी मी फक्त ओरडले. तर त्या पुस्तकात ही चकती पण आहे, ही, माझ्या गुडघ्याजवळची. मागे वजन झालं की गाडीचं बूड बसतं आणि नाक वर होतं, मग खालचा दिवासुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो, म्हणून ही फिरवून दिवे खाली घ्यायचे. मी फाटकातच फिरवली. ताईंच्या कुंड्यांसाठी. तुम्हाला वाटलं रेडिओ शोधतेय.

हा पुढचा टेम्पो बघा कसा चाललाय. नाही, ओव्हरटेक नाही करणार. मला कुठे वेळेवर पोचून कुणाला तोंड दाखवायचंय? तो पुढे, आपण मागे, आणि दिवा खाली, कारण लांबचा टाकला तर त्याच्या आरशातून सगळा त्याच्याच डोळ्यात. जसा आता मागचा माझ्या डोळ्यात टाकतोय. बघा हा. बघा. ह्याला काय माझ्या मानेवरचे केस मोजायचेत? — आरशाखाली एक जिभली असते, ती ओढली की — हं, मेला. म्हणजे तो नाही, उजेड. ही जिभली मला कुणी दाखवली नव्हती, तीन वर्षं मी तिथे चिंगीचा मास्क अडकवायचे. जा रे बाबा, जा पुढे, तुला नाव नको, गाव नको, फक्त पुढे जायचंय. गेला. बाई होती हो. असो. ती पण दमली असेल.

टेम्पो वळला. आता रस्ता मोकळा आहे, समोर कुणी नाही, मागे कुणी नाही, आता टाकते लांबचा. खटका पुढे ढकलला की अप्पर, मागे ओढला की डिपर, बरोबर ना? — अरे बापरे. बाबा, हे भलतंच छान आहे. सगळं दिसतंय. झाडाचा बुंधा दिसतोय, बुंध्यावरचा चुना दिसतोय, तो दगड, त्यामागचं कुत्रं, कुत्र्याचे डोळे. ह्याला चटावतो की माणूस. आता मला कळलं तुम्ही हा का सोडत नाही. तसं तुमचं कारण वेगळं आहे म्हणा, पण — नाही, काही नाही. रस्त्याकडे बघतेय मी. तुम्ही पण रस्त्याकडेच बघा, उजव्या पायाने जो ब्रेक दाबताय तो तिथे नाहीये, ते पायपुसणं आहे.

समोरून कोण? ट्रक दिसतोय. उंच आहे. वळणावरून — हं, हं, थांब — मारला, डिपर मारला त्याने, काय झालं, मी बरोबर बाजूला तर आहे — अप्पर. माझा अप्पर राहिला. सॉरी, सॉरी हो. खाली घेतला. बघा लगेच सांगितलं त्याने, दिवा खाली घे म्हणून. बिचारा चांगला होता, एकदाच मिचकवला, नाहीतर तुम्हाला रोज दोन-दोनदा मारतात आणि तरी तुम्ही —

काही नाही.

काही नाही म्हटलं ना. मी असंच बोलते, मला गाडी चालवताना तोंड चालवल्याशिवाय पाय चालवता येत नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघू नका, मला बघितलं की डावं-उजवं कळत नाही. ते शेत कसलं होतं हो, अंधारात कळलं नाही. ऊस होता का? तुम्ही मघाशी भुवईने बोलत होतात, ती पण बंद केलीत आता.

बरं. ऐका मग. कधीतरी कुणीतरी सांगायलाच हवं, आणि तुमचे चिरंजीव सांगणार नाहीत, त्यांना तुमची भीती वाटते, एवढा मोठा घोडा आहे पण तुम्ही खोकलात की खुर्चीवरून उठतो. ताई सांगणार नाहीत, त्यांना वाटतं बाबा अजून तीस वर्षांचे आहेत. उरली कोण? परक्या घरातून आलेली. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, हे मला माहीत आहे, आणि तरी सांगते. बाबा, ते सलाम नसतात.

तुमच्या वेळी होता सलाम. मला माहीत आहे, तुम्हीच सांगितलंय, किती प्रेमाने सांगितलंय — समोरून आपल्या डेपोची बस आली की एकदा दिवा मिचकवायचा, म्हणजे काय, तर बरं आहे ना, पुढे रस्ता मोकळा आहे, घाटात दगड नाही. आणि त्याने उलट मिचकवायचा. तोंड दिसत नाही, नाव माहीत नाही, पण अख्ख्या रात्रीत तेवढंच बोलणं. मला हे इतकं आवडलं होतं की मी ते माहेरी जाऊन सांगितलं होतं. पण आता जे मारतात, बाबा, रोज संध्याकाळी तुम्ही चिंगीला पाळणाघरातून घेऊन येता तेव्हा जे सगळे समोरून दिवा मिचकवतात, ते तुम्हाला ओळखत नाहीत. ती पोरं डेपोतली नाहीत. ती वैतागलेली माणसं आहेत. तुमचा अप्पर चालू असतो — गल्लीत अप्पर, हमरस्त्यावर अप्पर, फाटकात शिरताना अप्पर, वॉचमन तर हल्ली उपरणं डोळ्यांवर घेऊनच फाटक उघडतो — आणि समोरचा म्हणतो, अहो काका, खाली घ्या. आणि तुम्ही काय करता? तुम्ही उलट मिचकवता. नमस्कार करता त्याला. त्याच्या बापाला दिसत नाही अशा झोताने नमस्कार. मग घरी येऊन, हात-पाय धुऊन, खुर्चीत बसून सांगता, ‘अजून ओळखतात हो पोरं.’ आणि तुमचे चिरंजीव विचारतात, ‘आज किती सलाम, बाबा?’ आणि तुम्ही आकडा सांगता, आणि मी पोळी लाटत असते आणि — मी हसायचे, बाबा. आधी हसायचे. आम्ही दोघंही हसायचो, आत जाऊन. वाईट नव्हतं हो ते हसणं. तुम्ही इतके खूश असायचात. पाळणाघरात जायला इस्त्रीचा शर्ट घालायला लागलात, मिशी कातरायला लागलात, कोण काढून घेणार ते तुमच्याकडून? आम्ही म्हटलं, राहू दे, कुणाचं काय जातंय.

थांबा, समोर आहे कोणीतरी. हं. खाली घेतलाय मी. पण हा घेत नाही. घे ना. घे रे. आता मी डिपर मारला, कळलं त्याला? नाही कळलं, तो पण नमस्कारच समजतोय बहुतेक — बाप रे, काही दिसत नाही, पांढरं नुसतं — डावी कड. डाव्या कडेची पट्टी बघायची, त्याच्याकडे नाही बघायचं, हळू, पाय हळू, पट्टी, पट्टी, पट्टी... गेला. हुश्श. आणि मी अप्पर लावून उट्टं काढलं नाही हं. मनात आलं होतं. दोघेही आंधळे झालो असतो तर कोण कुणाला शिकवणार? आंधळं दळतं आणि — नाही, ती म्हण नको.

तर जातंय, बाबा. कुणाचं तरी जातंय. मागच्या आठवड्यात चिंगी जेवताना म्हणाली, ‘आजोबांनी लाईट मारला आणि एक काका चिखलात बसले.’ मला वाटलं कार्टूनमधलं सांगतेय. हिच्या कार्टूनमध्ये सगळे कशात ना कशात बसतच असतात. मी म्हटलं, हो का, भात खा. तुम्ही समोर बसला होतात, तुम्ही पण हसलात. तुम्हाला ठाऊकच नव्हतं. तुमच्या डोळ्यांनी त्याला बघितलंच नव्हतं, ना पडण्याआधी, ना पडल्यावर. मग दुसऱ्या दिवशी तिला सोडायला गेले तर पाळणाघरच्या मावशींचा नवरा दारात उभा, कोपराला बँडेज, गाल खरचटलेला. नाल्याच्या वळणावर स्कूटर खाली गेली म्हणाला. ‘समोरून एवढा उजेड आला, रस्ताच गेला हो.’ गाडी ओळखली होती त्याने. मागच्या काचेवर चिंगीने चिकटवलेला तो बेडूक आहे ना, तो बघितला होता पडल्या-पडल्या. आणि काय म्हणाला? ‘काकांना बोलू नका काही, मोठे आहेत.’ मावशींनी चिंगीचं दप्तर घेतलं, आत गेल्या, परत बाहेर आल्या, आणि म्हणाल्या, ‘सोमवारपासून घ्यायला तुम्हीच आलात तर बरं.’

म्हणून मी किल्ली घेतली. मला गाडी चालवायची हौस नाही, बाबा, मला अंधारात स्वयंपाकघरात जायची भीती वाटते, मी मांजराला झुरळ समजून ओरडते. आजपर्यंत सूर्य गेल्यावर मी चाकाला हात लावला नव्हता. पण गाडीत मागे ती असते ना. आणि वळणावर स्कूटर खाली गेली, उद्या आपणच गेलो तर? आणि मी हे तुम्हाला नीट, घरी बसून, चहा देऊन सांगणार होते, चार दिवस वाक्यं जुळवत होते, फ्रिजसमोर उभी राहून पाठ करत होते. ‘बाबा, डोळ्यांचं ऑपरेशन हल्ली किती सोपं झालंय.’ अशी सुरुवात होती. सलामाचं मी कधीच सांगणार नव्हते. ते मरेपर्यंत सांगायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं होतं. आणि बघा, एका ट्रकवाल्याने मिचकवलं आणि सगळं बाहेर आलं. काय उजेड पाडला मी.

बाबा? बोला ना काहीतरी. शिवी द्या. तुम्ही बसमध्ये द्यायचात म्हणे, कंडक्टर कानात बोळे घालायचा. मघाशी रागावून गप्प होतात ते मला चालत होतं, त्याच्याशी बोलता येत होतं. आता हे कसलं गप्प आहे मला —

काय? थांबवू? इथे? का, उलटी होतेय का? बरं, बरं, थांबवते, पुढे रुंद आहे तिथे घेते. डावीकडे. पूर्ण डावीकडे, रस्त्याच्या बाहेर. चारही इंडिकेटर लावले. हँडब्रेक. आता काय? दार का उघडताय? बाबा, कुठे चाललात, चालत जाणार आहात का घरी? तसं करू नका हं. ताईंना मी काय सांगू, आधी किल्ली हिसकावली आणि मग माळावर सोडून आले? बाबा. चष्मा तरी —

समोर काय करताय? गाडीच्या पुढ्यात का उभे राहिलात? काच खाली घेते, थांबा, ऐकू येत नाही. काय? वर? काय वर? अप्पर? अप्पर लावू? तुम्ही समोर उभे असताना? नाही लावणार. अहो, डोळ्यांना त्रास होईल, आधीच तुमचे — बरं. बरं, ओरडू नका, चिंगी उठेल. लावते. मागे सरका थोडे. अजून. तिथे.

लावला.

बाबा, बघू नका त्याच्याकडे. हात धरा डोळ्यांवर. नाही धरत. का धरत नाही हात? तुम्हाला मी दिसतेय का? मी हात हलवतेय, हा बघा, हा. नाही ना दिसत? मला तुम्ही दिसताय, सगळे दिसताय, शर्टाचं खालचं बटण चुकलंय तेही दिसतंय, आणि तुम्ही कुठेतरी भलतीकडेच बघताय, त्या बाभळीकडे. इकडे आहे मी. बाबा, पुरे. झालं. पाय जपा, मागे उतार आहे, अजून मागे जाऊ नका, तिथे खड्डा — खाली घेऊ? हात खाली केलात म्हणजे खाली घेऊ ना? घेतला. घेतला खाली. आता दिसतेय का मी?

या. हळू या. बॉनेटला धरून या. डोळे पुसा आधी, हा घ्या, तिचाच रुमाल आहे, बिस्किटाचा आहे जरा. उजेडाने पाणी येतंच, माझ्यापण डोळ्यांत आलं मघाशी. बसा. नाही? पुढे नाही? मागे बसताय? का? म्हणजे बसा, मागेच बसा, नाही विचारत. तिचे पाय उचला आणि डोकं मांडीवर घ्या, तशीच झोपेल ती. पट्टा लावा. मागे असला तरी लावा.

स्कूटरवाल्यांकडे जाणार? उद्या? सकाळी, उजेडात, चालत. बरं. मी येऊ बरोबर? नको. बरं. आणि डॉक्टरांचं — नाही, नाही बोलत मी डॉक्टरांचं. संध्याकाळचं चिंगीला आणायचं मी बघते, साहेबांना सांगेन लवकर सोडा, नाहीतर — हं? काय म्हणालात? इंजिनच्या आवाजात नीट ऐकू नाही आलं.

‘गप्प बसून चालव.’

बरं, बाबा.